पॅसेंजरची वेळ मधल्या स्थानकांवर मोजावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मनमाड ते जळगाव या 160 किलोमीटरच्या लोहमार्गावर चौथी मार्गिका टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तिसऱ्या मार्गिकेचे काम त्याआधीच हाती घेतलेले होते. भुसावळ-खंडवा तिसरी व चौथी मार्गिका आणि उत्तर प्रदेशातील प्रयागराज-माणिकपूर तिसरी मार्गिका यांसह एकूण 7,927 कोटी रुपयांचे हे काम असून, मुंबई-प्रयागराज-वाराणसी हा गजबजलेला मार्ग मोकळा व्हावा, मालवाहतूक वाढावी आणि त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर, काशी विश्वनाथ येथील भाविकांची सोय व्हावी, असे उद्देश तेव्हा सांगण्यात आले. ते सर्व योग्यच आहेत. मात्र त्या वर्णनात वाघळी, कजगाव, नगरदेवळा, गाळण, परधाडे, माहेजी, म्हसावद, न्यायडोंगरी, पिंपरखेड ही नावे मला कुठेही आढळली नाहीत. चौथी मार्गिका जाणार आहे ती याच गावांच्या शिवारातून. नव्या रुळांवर या गावांच्या गाडीचा वाटा किती, हे रूळ पडण्यापूर्वीच ठरावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चाळीसगावची रहिवासी असून निवृत्त माध्यमिक शिक्षिका आहे. चाळीसगाव आणि पाचोरा यांच्यामधल्या एका स्थानकाजवळच्या गावात माझी शाळा होती आणि नोकरीची बरीचशी वर्षे मी पॅसेंजरने अपडाऊन केले. आमच्याकडे ‘अपडाऊन’ हे क्रियापद आहे आणि ‘अपडाऊनवाले’ ही एक जमात आहे. तीत शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, आरोग्यसेविका, आयटीआयची आणि महाविद्यालयाची मुले, भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका आणि दुधाचे कॅन खिडकीच्या गजांना अडकवणारे गवळी अशी सगळीच माणसे येतात. मासिक पास खिशात असलेला माणूस रेल्वेला फार पैसे मिळवून देत नाही, हे मान्य आहे. पण तो रोज येतो, पावसात येतो, गाडीला उशीर असला तरी येतो.

पॅसेंजर म्हणजे सावकाश धावणारी एक्सप्रेस, असा एक सर्वसाधारण समज आहे आणि बहुतेक चुकीचे निर्णय त्यातूनच होतात, असे माझे मत आहे. एक्सप्रेस दोन शहरे जोडते. मधली स्थानके तिच्या दृष्टीने केवळ ओलांडायची असतात. मनमाड सोडल्यानंतर जळगावपर्यंत सुमारे दर आठ-दहा किलोमीटरला एक याप्रमाणे पंधराहून अधिक स्थानके लागतात. बहुतेक एक्सप्रेस गाड्या त्यांपैकी नांदगाव, चाळीसगाव आणि पाचोरा एवढ्याच ठिकाणी थांबतात आणि पुष्कळशा तिथेही थांबत नाहीत. उरलेल्या स्थानकांना लोहमार्गावर असण्याचा जो काही उपयोग आहे तो पॅसेंजरमुळे आहे. कजगावच्या मुलाला चाळीसगावच्या महाविद्यालयात, म्हसावदच्या रुग्णाला जळगावच्या रुग्णालयात आणि न्यायडोंगरीच्या शेतकऱ्याला मनमाडला पोहोचवणारी ती गाडी आहे. भुसावळहून इगतपुरीपर्यंतचे तीनशे किलोमीटर पॅसेंजरने सलग बसून जाणारे प्रवासी असतील, पण थोडेच. डबा दर तासाला नव्याने भरतो आणि रिकामा होतो. पाचोऱ्याला बसलेला माणूस चाळीसगावला उतरतो, त्याच्या जागी नांदगावला जाणारा बसतो आणि निफाडच्या पुढे तर सगळे चेहरे नाशिककडचेच असतात. तिला ‘शहरांना जोडणारी गाडी’ म्हणणेही अर्धेच खरे आहे, कारण शहरे तिच्या केवळ दोन टोकांना असतात.

आता वेळेचा प्रश्न. रेल्वेच्या वक्तशीरपणाचा हिशेब गाडी शेवटच्या स्थानकावर किती वाजता पोहोचली यावरून मांडला जातो. त्यामुळे वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यापूर्वी जादा मिनिटे ठेवण्याची रीत पडली आहे, म्हणजे वाटेत झालेला उशीर तिथे भरून निघतो आणि गाडी कागदोपत्री वेळेवर पोहोचते. कोणत्याही पॅसेंजरचे जाण्याचे आणि येण्याचे वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. जळगाव-भुसावळ हे अंतर 24 किलोमीटर आहे. भुसावळहून सुटलेल्या गाडीला जळगाव गाठण्यासाठी दिलेली मिनिटे आणि भुसावळला संपणाऱ्या गाडीला तेवढ्याच रुळांसाठी दिलेली मिनिटे यांची तुलना वाचकांनी स्वतः करावी. रूळ तेच आणि अंतरही तेच असते, फरक फक्त हिशेबाच्या सोयीचा असतो.

या पद्धतीत एक्सप्रेसच्या प्रवाशाचे विशेष नुकसान होत नाही, कारण त्याला शेवटी किंवा एखाद्या मोठ्या स्थानकावरच उतरायचे असते. पॅसेंजरचा प्रवासी मात्र वाटेत उतरतो. गाडी त्याच्या स्थानकावर चाळीस मिनिटे उशिरा आली, पुढे शेवटच्या टप्प्यात तिने ती चाळीस मिनिटे भरून काढली आणि अखेरच्या फलाटावर ती नेमक्या वेळी उभी राहिली, तर त्या दिवशी ती गाडी वेळेवर धावली अशी नोंद होते. ज्याचा पहिला तास बुडाला किंवा हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे लाल शेरा पडला, त्याच्या उशिराची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका सकाळी आमची गाडी शाळेच्या अलीकडच्याच स्थानकात तासभर उभी राहिली. समोर दिसणारे सहा-सात किलोमीटर चालत गेलो असतो तरी साधारण तेवढ्याच वेळात पोहोचलो असतो, असे आमच्यातले एक गणिताचे शिक्षक हिशेब मांडून सांगत होते आणि त्यांचे गणित बरोबर होते. संध्याकाळी परतताना कळले की सकाळची गाडी शेवटच्या स्थानकावर फारसा उशीर न होता पोहोचली होती.

यात नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोनच रुळांच्या मार्गावर एकाच दिशेने एक गाडी ताशी 110 ते 130 किलोमीटर वेगाने येते आणि तिच्या पुढची गाडी दर दहा मिनिटांनी थांबते. मागच्या गाडीला अडवायचे नसेल तर पुढचीला बाजूच्या रुळावर घेण्यावाचून इलाज नसतो. एक गाडी पुढे काढून पॅसेंजर मोकळी करावी, तोवर मागून दुसरी आलेली असते आणि मग एकाच स्थानकात दोन-तीन गाड्यांना वाट देण्याचा प्रसंग येतो. ‘आता तर मालगाडीलाही पुढे काढले’ हे वाक्य आमच्या मार्गावर नेहमी ऐकू येते आणि ते ऐकताना राग येतो. पण बंदराकडे निघालेली कंटेनरची लांबलचक गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला किती वेळ आणि किती वीज लागते, हे समजून घेतले की नियंत्रकाची अडचणही कळते. रूळ दोनच असतील तर कुणीतरी थांबणार हे उघड आहे. माझा आक्षेप एवढाच की थांबणारी गाडी वर्षानुवर्षे एकच असते आणि तिच्या थांबण्याची किंमत कोणत्याही तक्त्यात धरली जात नाही. म्हणूनच तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा प्रश्न आम्हा लोकांसाठी एवढा महत्त्वाचा आहे. हे रूळ पूर्ण झाल्यावर त्यांवरची सर्व मोकळी जागा नव्या जलद गाड्यांनी आणि मालगाड्यांनी भरून टाकली, तर चार रुळांच्या कडेलाही आमची गाडी आजच्यासारखीच उभी राहील.

बाजूच्या रुळावर घेण्याचा आणखी एक परिणाम आहे, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. लहान स्थानकावर गाडी नेहमीच्या फलाटाऐवजी दुसऱ्या रुळावर घेतली की प्रवाशांची एकच धावपळ होते. पादचारी पूल सर्वत्र नाहीत. जिथे आहेत तिथे डोक्यावर पाटी असलेली बाई किंवा गुडघे दुखणारा म्हातारा माणूस गाडी समोर दिसत असताना पूल चढून येईल, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. माणसे रूळ ओलांडतात. ते बेकायदा आहे आणि जीवघेणेही आहे, याबद्दल दुमत नाही. काही ठिकाणी फलाट इतके सखल आहेत की डब्याच्या पायरीला आणि कमरेला एकाच वेळी हात लावून वृद्धांना वर ओढावे लागते. 22 जानेवारी 2025 रोजी माहेजी आणि परधाडे यांच्यादरम्यान आगीच्या अफवेमुळे पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरील कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले, तेव्हा परधाडे हे नाव देशभरच्या वाहिन्यांवर दिवसभर ऐकू आले. त्यापूर्वी ते नाव या मार्गाबाहेर कुणी घेतल्याचे मला आठवत नाही आणि त्यानंतरही नाही.

भाड्याबाबत थोडक्यात लिहिते, कारण तो विषय अंशतः मार्गी लागला आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या त्या शून्याने सुरू होणारा क्रमांक लावून, ‘विशेष’ म्हणून आणि एक्सप्रेसचे भाडे आकारून. किमान 10 रुपयांचे तिकीट 30 रुपयांचे झाले. डबे तेच होते, थांबे तेच किंवा त्याहून कमी होते आणि वेगातही काही विशेष नव्हते. हे जवळजवळ फेब्रुवारी 2024 अखेरपर्यंत चालले आणि मग जुने साधारण भाडे परत आले. क्रमांकांच्या आरंभीचे शून्य जायला जानेवारी 2025 उजाडले. जुलै 2025 च्या भाडेवाढीतही साधारण द्वितीय श्रेणीला पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत हात लावला गेला नाही, याचे श्रेय रेल्वे मंत्रालयाला द्यायला हवे. परंतु मधल्या जवळपास तीन वर्षांत रोज दहाच्या जागी तीस रुपये मोजणे ज्यांना परवडले नाही, त्यांपैकी किती मुलींचे महाविद्यालय सुटले हे शोधायला कुणी गेले नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींचे सुटले, एवढे मी सांगू शकते.

‘आता एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, मग रेल्वे कशाला हवी,’ असे मला माझ्याच नातेवाइकांनी विचारले आहे. मार्च 2023 पासूनची ती सवलत निश्चितच मोठी आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना तर एसटी विनामूल्य आहे, उलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये जी बंद केली ती अद्याप सुरू केलेली नाही. तरीही लोहमार्गालगतच्या अनेक गावांना एसटी थेट जात नाही, फाट्यावर उतरून चालावे लागते. बसमध्ये भाजीच्या तीन पाट्या चढवता येत नाहीत, साठीपुढच्या माणसाला तीन तास स्वच्छतागृहावाचून बसवत नाही आणि आजारी माणसाला आडवे करता येत नाही. पॅसेंजरमध्ये गर्दी नसेल तर लाकडी किंवा रेक्झिनच्या बाकावर पाय पसरता येतात. सधन माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला ती तशी वाटत नाही.

भाड्यापेक्षा काळजीची बाब आहे ती गाडीचे स्वरूपच बदलून टाकण्याची. 2020 मध्ये, टाळेबंदीच्याच काळात, दोनशे किलोमीटरहून अधिक अंतराच्या पॅसेंजर गाड्यांना एक्सप्रेस करण्याचा आणि शून्याधारित, म्हणजे पहिल्यापासून नव्याने आखलेल्या, वेळापत्रकाच्या नावाखाली कमी उत्पन्नाचे थांबे वगळण्याचा विचार रेल्वे मंडळाने पुढे आणला. टाळेबंदीपूर्वी धावणारी मुंबई-भुसावळ पॅसेंजर पूर्वीच्या रूपात परतली नाही आणि देवळाली-भुसावळ शटल पुन्हा सुरू झाली ती एक्सप्रेस म्हणून. इगतपुरी-भुसावळ मेमू मिळाली, हे मात्र चांगले झाले. मेमूला वेगळे इंजिन नसते, साधारणतः दर चार डब्यांमागे एक मोटार डबा असतो, त्यामुळे ती थांब्यावरून लवकर वेग घेते आणि लवकर थांबते. म्हणजे थांबे न गाळताही प्रवासाचा वेळ कमी करण्याचे साधन रेल्वेच्या हातात आहे. थांबे कमी करून वेग वाढवणे यात कसलेच कौशल्य नाही, ते कुणालाही जमेल. शिवाय नाव बदलल्याने तिकीटही बदलते, हे ग्रामीण प्रवाशाच्या लक्षात येत नाही. गाडी तीच, डबा तोच, पण साधारण तिकीट घेऊन चढलेला माणूस आता विनातिकीट ठरतो आणि त्याला भाड्यातील फरकाबरोबर किमान 250 रुपये दंड भरावा लागतो. हा प्रकार केवळ आमच्याकडचाच नाही. टाळेबंदीपूर्वी दादरला जाणारी रत्नागिरी पॅसेंजर नंतर दिव्यालाच संपू लागली, याबद्दल कोकणातील प्रवासी आजही बोलत असतात.

एका नियमाकडेही लक्ष वेधते. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंतच मिळतो. चाळीसगाव-नाशिक रोड हे सुमारे 140 किलोमीटरचे अंतर त्यात बसते. त्याच्या पलीकडच्या वाघळी-कजगावपासून नाशिकला कारखान्यात जाणाऱ्या मुलांना मात्र काठावर उभे राहावे लागते आणि पाचोऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. रोज एवढे अंतर जाऊ नये, असे कुणी म्हणेल. सातपूर-अंबडच्या कंपनीत बारा-चौदा हजारांवर काम करणाऱ्या मुलाने नाशिकला खोली भाड्याने घेऊन घरी किती पाठवावे, याचा हिशेब त्याने एकदा करून पाहावा.

रेल्वे प्रशासनाकडे माझ्या मागण्या फार नाहीत. पॅसेंजर आणि मेमू गाड्यांचा वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकाबरोबरच वाटेतल्या किमान तीन-चार स्थानकांवर मोजला जावा आणि ते आकडे दरमहा जाहीर व्हावेत. शेवटच्या टप्प्यात ठेवलेली जादा मिनिटे मार्गावर विभागून द्यावीत. वेळापत्रकात गाडी दहा मिनिटे उशिराची दाखवली तरी आम्हाला चालेल, पण ती त्या वेळेला यावी. तिसरी व चौथी मार्गिका पूर्ण झाल्यावर सकाळी सात ते दहा आणि सायंकाळी पाच ते आठ या वेळांत पॅसेंजर वा मेमूला मोकळी वाट मिळेल, असे लेखी ठरवावे. नंतर तशी मागणी करायला गेलो तर ‘मार्गावर जागा नाही’ हेच उत्तर चार रुळांनंतरही मिळेल. नव्या मार्गिकेसाठी स्थानकांची पुनर्बांधणी होणारच आहे, तेव्हा सखल फलाट उंच करून घ्यावेत आणि पॅसेंजर नेहमी एकाच फलाटावर घेता येईल अशी रुळांची रचना करावी. हे काम आता केले तर त्याच खर्चात होईल. मागाहून केले तर त्यासाठी वेगळा ठराव, वेगळा निधी आणि आणखी दहा वर्षे लागतील.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. मुंबईतील उपनगरी गाड्यांच्या मेगाब्लॉकची बातमी दर आठवड्याला ठळकपणे, कोणत्या स्थानकादरम्यान किती ते किती अशा तपशिलासह छापून येते. आमच्या मार्गावर नव्या रुळांच्या कामासाठी ब्लॉक घेतला जातो तेव्हा पहिल्यांदा रद्द होतात किंवा अर्ध्यावर थांबवल्या जातात त्या पॅसेंजर गाड्या, आणि बातमीत मात्र कोणत्या एक्सप्रेस वळवल्या एवढेच असते. पुढचा ब्लॉक जाहीर होईल तेव्हा जळगाव व नाशिकच्या आवृत्त्यांत पॅसेंजर आणि मेमूंचा बदल स्थानकांच्या नावांनिशी, आदल्या दिवशी छापावा. सकाळी साडेसहाला फलाटावर आलेल्या माणसांना तो कळण्याचे दुसरे साधन बहुतेक ठिकाणी नाही.

आपली,
एक माजी पासधारक, चाळीसगाव (जि. जळगाव)